काट्यावर आलेले दोघे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराचं पोलाद होतं. इंडक्शन भट्टीत भंगार वितळतं, त्याची बिलेटं ओतली जातात, आणि रीरोलिंग मिलमध्ये ती पुन्हा लाल करून रोलच्या जोड्यांमधून काढली की त्यांच्या सळया, अँगल, पट्ट्या होतात. ही गोष्ट अशाच एका पट्टीच्या मिलमधली. मिल कल्पनेतली आहे, माणसंही. पण त्यांच्यात जे भांडण झालं ते रोलिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

शेवटच्या स्टँडची मोटर जास्त अँपिअर घ्यायला लागली, तिथून सुरुवात झाली. आधी काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहू लागला, मग मधूनमधून मोटर ट्रिप होऊ लागली. रोलिंगमध्ये मोटर ट्रिप होणं म्हणजे नुसतं बटण दाबून पुन्हा चालू करणं नव्हे. रोलमध्ये अडकलेली लाल पट्टी जागच्या जागी गार होते, ती गॅसने कापून काढावी लागते, आणि तोवर भट्टीतला माल उगाच भाजत पडतो. पाळीला दोनदा असं झालं की त्या पाळीचं टनेज गेलंच.

मिलमध्ये दोन तट पडायला वेळ लागला नाही. रोलवाले म्हणाले, माल गार येतोय. भट्टीवाले म्हणाले, रोल खरबरीत झालेत, पट्टीला धरून ठेवतात. रोलवाल्यांचे पुढारी म्हणजे मिस्त्री, लेथवर रोल टर्निंग करण्यात हयात गेलेला माणूस. भट्टीवाल्यांचे पुढारी आबा. लाल रंगाची छटा बघून बिलेट काढायचं की अजून ठेवायचं हे ते सांगत, आणि पायरोमीटर आल्यावरही कामगार आधी आबांच्या तोंडाकडे बघत. दोघे बांधाला बांध लागून असलेल्या शेतांचे मालक. बोलाचाली बंद झाली तेव्हा ती दोन्हीकडे, मिलमध्ये आणि गावातही, बंद झाली.

शेठनी ताईंना बोलावलं. ताई पुण्याला मेटलर्जी शिकून परत आलेल्या, वयाने आबांच्या धाकट्या मुलीएवढ्या. शेवटच्या स्टँडच्या स्क्रूखाली लोड सेल त्यांनीच बसवून घेतले होते, त्यामुळे पट्टी दाबताना रोलवर किती जोर येतो ते टनात कळत होतं. शेठ म्हणाले, "ताई, मला भांडण नको, आकडा पाहिजे. चूक कुणाची ते कागदावर द्या."

आता रोलच्या फटीत काय घडतं ते सांगायला हवं, कारण गोष्टीतला पेच तिथंच आहे.

पट्टी रोलमध्ये शिरते तेव्हा रोलच्या पृष्ठभागापेक्षा हळू चालत असते. आत दाबली जाऊन पातळ झाली की लांब होते, म्हणून बाहेर पडताना तिचा वेग रोलपेक्षा जास्त असतो. मध्ये कुठेतरी एका जागी दोघांचा वेग सारखा असतो. त्या जागेच्या अलीकडे घर्षण पट्टीला आत ओढतं, पलीकडे ते तिला मागे खेचतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी घर्षण धातूला मध्याकडे कोंडतं, आणि कोंडलेल्या धातूला दाबायला जास्त जोर लागतो. दाबाचा आलेख काढला तर मध्ये उंचवटा दिसतो. शास्त्रात त्याला फ्रिक्शन हिल म्हणतात. थिओडोर फॉन कारमान यांनी १९२५ साली याचं समीकरण मांडलं. विमानविद्येत ज्यांचं नाव घेतलं जातं तेच हे कारमान. इगॉन ओरोवान यांनी १९४३ मध्ये ते गणित पुढे नेलं, आणि रोलखाली काही भागात धातू घसरतो तर काही भागात रोलला चिकटूनच राहतो हे हिशेबात घेतलं.

तेव्हा रोलवरचा जोर दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक, धातू स्वतः किती घट्ट आहे, म्हणजे किती दाबाखाली तो वाहायला लागतो. याला फ्लो स्ट्रेस म्हणतात. तो तापमानावर, किती दाबलं त्यावर आणि किती झपाट्याने दाबलं त्यावर अवलंबून असतो. दुसरी गोष्ट घर्षण. पहिली भट्टीवाल्यांच्या हद्दीतली, दुसरी रोलवाल्यांच्या. दोन्हींपैकी कुठलीही वाढली की जोर वाढतो.

ताईंनी हिशेब मांडला. फ्लो स्ट्रेससाठी जपानच्या मिसाका आणि योशिमोतो यांचं १९६७ चं सूत्र घेतलं. घर्षणगुणांक पुस्तकातून उचलला, ०.३. गरम रोलिंगच्या शेवटच्या पासांसाठी हा आकडा पुष्कळ ठिकाणी चालतो. मग तापमान किती धरलं की सूत्रातला जोर लोड सेलच्या जोराशी जुळतो ते पाहिलं. माल हजार अंशांना येतो असं रजिस्टर म्हणत होतं. साडेनऊशे धरल्यावर आकडा तंतोतंत जुळला. साध्या पोलादाचं तापमान हजारावरून साडेनऊशेवर आलं की त्या सूत्राप्रमाणे फ्लो स्ट्रेस दहा-अकरा टक्क्यांनी वाढतो, आणि जोरातली वाढही तेवढीच होती. टॉर्कचा हिशेब केला, तोही जुळला. दोन मोजमापं एकाच उत्तराला आल्यावर शंका कुठे राहते? ताईंनी अहवाल दिला: माल पन्नास अंशांनी गार येत आहे.

आबांना भट्टीवरून काढून यार्डात बिलेटं मोजायला बसवलं. भट्टीचं तापमान वाढवलं. आणि लोड उतरला.

या ठिकाणी मला थांबावंसं वाटतं, कारण इथंच पुष्कळ हुशार माणसं फसतात. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर ठरत नाही. पोलाद जास्त तापवलं तर लोड कुठल्याही कारणाने वाढलेला असो, थोडा तरी उतरणारच. शेठ खूश झाले, मिस्त्रींनी बांधावरून मान ताठ केली, आणि अहवालाची प्रत ऑफिसातल्या फायलीत गेली. डिझेल जास्त जळत होतं, बिलेटांवर पपडीही जास्त धरत होती. पपडी म्हणजे जळून वाया गेलेलं पोलादच. शंभर टन भट्टीत घातल्यावर बाहेर येणारी पट्टी पूर्वीपेक्षा कमी भरत होती. पण ट्रिप थांबली होती, म्हणून त्या तुटीकडे कुणी बोट दाखवलं नाही.

मग पातळ पट्टीची ऑर्डर आली.

ताईंनी आपल्याच जुळवलेल्या आकड्यांनी आधी हिशेब केला आणि सांगितलं, चालेल, मोटरला झेपेल. पहिल्याच पाळीत मोटर ट्रिप झाली. लोड सेलचा आकडा त्यांच्या अंदाजाच्या वर गेला होता. भट्टी आणखी वाढवायला आता जागा नव्हती.

त्या संध्याकाळी त्या यार्डात गेल्या. आबा बिलेटांवर खडूने नंबर टाकत होते. ताईंनी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "ताई, तुमच्या काट्यानं जे सांगितलं ते खरंच हाय. काटा खोटं बोलत न्हाई. पण आमी कापूस घेऊन बाजारात जातो तवा काटा गाठोड्याचं वजन सांगतो. त्यात कापूस किती आन् पाणी किती, हे काटा कधी सांगत न्हाई. ते सांगणारा व्यापारी असतो, आन् तो त्याच्या सोयीनं सांगतो."

ताई काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी तोच हिशेब उलटा केला. तापमान रजिस्टरमधलं धरलं, हजार अंश, आणि घर्षण किती घेतलं की जोर जुळतो ते पाहिलं. जाड पट्टीसाठी रोल आणि पट्टी एकमेकांना जिथं टेकतात ती लांबी जाडीच्या साधारण तिप्पट होती. अशा वेळी पाठ्यपुस्तकातल्या साध्या सूत्राने घर्षणगुणांक ०.३ चा ०.४ केला की सरासरी दाब दहा टक्क्यांनी चढतो. म्हणजे पन्नास अंश गार माल आणि ०.१ ने जास्त घर्षण, दोन्हींचं वजन काट्यावर जवळजवळ सारखं. मधल्या जोड्याही बसत होत्या: पंचवीस अंश गार आणि घर्षण ०.३५. अशा जोड्यांची रांगच रांग होती, आणि त्यांतली प्रत्येक जोडी मोजलेल्या जोराशी जुळत होती. आपण त्या रांगेतली एक उचलली, कारण घर्षणाचा आकडा पुस्तकात छापलेला होता आणि आबांचा आकडा हाताने लिहिलेला.

मग टॉर्कने साक्ष दिली ती? गरम रोलिंगमध्ये टॉर्क म्हणजे बहुतेक तोच जोर, स्पर्शाच्या लांबीच्या निम्म्याएवढ्या हातावर तोललेला. जोर वाढला की टॉर्क त्याच्या मागोमाग वाढतो, मग कारण कुठलंही असो. दोन मोजमापं वाटली होती, ती एकाच मोजमापाची दोन रूपं होती. ज्या साक्षीदाराने पहिल्याचं ऐकून साक्ष दिली त्याची साक्ष वेगळी धरता येत नाही. न्यायालयाला हे माहीत असतं. प्रयोगशाळेला आणि ऑफिसला पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

पातळ पट्टीवर अंदाज का चुकला तेही उलगडलं. पट्टी जितकी पातळ, तितकी स्पर्शाची लांबी जाडीच्या मानाने मोठी, तितका घर्षणाचा उंचवटा चढा. जाड मालावर घर्षणाची चूक झाकली जाते. पातळ माल ती बाहेर काढतो.

आता एक वेगळा साक्षीदार हवा होता, जोराचं काही न ऐकलेला. ताईंना कॉलेजातला एक प्रयोग आठवला. मेल आणि कॉक्रॉफ्ट या दोन संशोधकांनी १९६४-६५ च्या सुमारास तो रूढ केला. धातूची एक कडी घ्यायची. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि उंची यांचं प्रमाण सहा-तीन-दोन. ती दोन सपाट ठोकळ्यांमध्ये दाबायची. घर्षण कमी असेल तर कडीचं भोक मोठं होतं, कारण सगळा धातू बाहेरच्या दिशेने पळतो. घर्षण जास्त असेल तर बाहेर पळायला अडथळा होतो, थोडा धातू आत वळतो आणि भोक बारीक होतं. किती जोर लागला हे मोजायचंच नाही. कॅलिपरने भोक मोजायचं. धातू घट्ट आहे की मऊ, याचा त्या भोकावर फारसा परिणाम होत नाही. या प्रयोगाइतकं सुंदर काम मला धातुशास्त्रात क्वचित आढळलं आहे. जोर दोघांचा मिळून बोलतो, पण आकार एकट्या घर्षणाचं सांगतो.

पण कडी दाबून जे घर्षण कळेल ते त्या ठोकळ्यांचं, आपल्या रोलचं नाही. रोलवरची तीच पपडी, तेच पाणी, तोच वेग प्रयोगशाळेत कुठून आणणार? मिलमध्येच घर्षणाचा आकार शोधायला हवा होता.

तो सापडला बाहेर पडणाऱ्या पट्टीच्या वेगात. घर्षण वाढलं की दोघांचा वेग सारखा असण्याची ती जागा आत, शिरण्याच्या बाजूला सरकते, आणि बाहेर पडताना पट्टी रोलला आणखी मागे टाकते. या आघाडीला फॉरवर्ड स्लिप म्हणतात. धातू नुसता घट्ट झाला आणि घर्षण तेवढंच राहिलं, तर ही आघाडी जवळजवळ बदलत नाही. ती मोजायची जुनी रीत आहे: रोलवर ठरावीक अंतरावर दोन बारीक रेघा मारायच्या. रेघांचे ठसे पट्टीवर उमटतात. पट्टीवरचं अंतर रोलवरच्या अंतरापेक्षा जितकं जास्त, तितकी आघाडी.

रेघा मारायला मिस्त्री लागणार होते.

"माझ्या रोलवर छिन्नी?" मिस्त्रींनी हात बांधून घेतले. "आन् कशासाठी, तर आबा खरा ठरावा म्हणून?"

"तुम्ही खरे ठरलात तर तेही त्याच रेघा सांगतील," ताई म्हणाल्या. "मी एकदा न मोजता निकाल दिला. या वेळी निकाल तुम्ही दोघं समोर असताना लागेल."

मिस्त्रींनी दोन दिवसांनी बदलायला आलेला रोल निवडला. तो लेथवर जायचाच होता, रेघांनी त्याचं काही बिघडणार नव्हतं. रेघा मात्र त्यांनी स्वतः मारल्या, आणि इतक्या नेमक्या की दुसऱ्या कुणाच्या हातून तशा आल्या नसत्या.

पट्टी निघाली. ठसे स्पष्ट होते. ताईंनी ती गार होऊ दिली, पट्टीवरचं अंतर मोजलं आणि त्यात भर घातली. कारण ठसा उमटला तेव्हा पट्टी लाल होती, आणि पोलाद तिथून गार होईपर्यंत सुमारे सव्वा टक्का आखडतं. आघाडी असते काही टक्क्यांचीच. त्यातला सव्वा टक्का विसरला तर निष्पाप माणूस दुसऱ्यांदा यार्डात बसेल.

मोजलेली आघाडी ०.३ च्या घर्षणाशी जुळत नव्हती. ती ०.४ च्या जवळ पडत होती. हे घर्षण धरून त्यांनी लोड सेलच्या जोरातून फ्लो स्ट्रेस काढला, आणि फ्लो स्ट्रेसवरून तापमान. ते निघालं वाढवलेल्या भट्टीच्या रजिस्टरइतकंच. माल गार येत नव्हता. कधी आलाच नव्हता.

"म्हणजे रोल खराब," आबांच्या पाळीतला एक पोरगा जोरात म्हणाला.

मिस्त्रींचा चेहरा पडला. पण ताईंनी रोलवरून बोट फिरवून पाहिलं होतं, आणि नव्या रोलवरही लोड चढलेलाच होता हे रजिस्टरमध्ये होतं. घर्षण रोल आणि धातू या दोघांतलं असतं. त्यांच्यामध्ये जे असतं त्याचंही असतं. या मिलमध्ये त्यांच्यामध्ये काय बदललं होतं? शेवटच्या स्टँडच्या तोंडाशी पाण्याचा जोरदार फवारा बसवला होता, पपडी उडवायला. पट्टी त्यामुळे गुळगुळीत निघायची, गिऱ्हाईक खूश होतं, आणि तो बसवल्याबद्दल सगळ्यांनी शेठचं कौतुक केलं होतं. लाल पोलादावरची पपडी घर्षण कमी करते. जाड असेल तर जास्त कमी करते. फवाऱ्याने ती धुऊन नेली आणि उघडा धातू रोलला जास्त घट्ट धरू लागला. वाईट कामाचा माग सगळे काढतात. चांगल्या कामाकडे संशयाने बघायला कुणाला सुचत नाही.

फवारा बंद करून काही पट्ट्या काढल्या. जोर उतरला. पण तेवढ्यावर ताई थांबल्या नाहीत. पाणी थांबल्याने माल किंचित गरम राहतो, त्यामुळेही जोर उतरेल. त्यांनी ठशांमधलं अंतर मोजलं. तेही कमी झालं होतं. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

फवारा काढून टाकणं शक्य नव्हतं, गिऱ्हाइकाला तोच गुळगुळीतपणा हवा होता. मग दाबणीची वाटणी बदलली. शेवटच्या स्टँडवर कमी दाबायचं, पट्टी जाड असते त्या आधीच्या स्टँडवर थोडं जास्त, कारण जाड मालाला घर्षणाचा भार कमी लागतो. मिस्त्रींनी त्याप्रमाणे पास बसवून दिले. भट्टीचं तापमान पूर्वीवर आणलं. पातळ पट्टी ट्रिप न होता निघाली.

ताईंनी जुना अहवाल फायलीतून काढला नाही. त्याच्यावर नवा लावला, आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की आधीचा निष्कर्ष एका मोजमापावर दोन अज्ञातं सोडवून काढला होता आणि तो चुकीचा होता. शेठनी तो वाचला आणि आबांना भट्टीवर परत बोलावलं. आबा आले, पण कामाला लागण्याआधी ताईंकडे गेले. मिस्त्री तिथंच होते.

"ताई, अशा रेघा तिसऱ्या स्टँडच्या रोलवर पण मारा. तिथं लोड चढला तरी बोल आमालाच लागतो."

"तिथं रेघा बोलणार नाहीत, आबा," ताई म्हणाल्या. "तिथं माल जाड आणि जास्त गरम असतो, तो रोलला चिकटूनच जातो. घर्षणाला एक हद्द असते. धातू आतून कापला जाईल इतका ताण आला की त्यापुढे घर्षण वाढूच शकत नाही. ती हद्द फ्लो स्ट्रेसच्या साधारण ०.५८ पट. सिम्स नावाच्या इंजिनिअरनी १९५४ मध्ये सगळं गणितच असं चिकटलेलं धरून मांडलंय. एकदा चिकटलं की आघाडी ठरते रोलच्या आणि पट्टीच्या मापावरून. घर्षण विचारायला काही उरतच नाही."

आबांनी थोडा वेळ विचार केला. "म्हंजी तिसऱ्या स्टँडचा काटा वर-खाली झाला तर ते नुसतं मालाच्या तापण्यामुळं?"

"दाबणी तीच असेल, पोलाद तेच असेल तर, हो. बहुतेक तेवढंच."

मिस्त्री उठले आणि तिसऱ्या स्टँडचं अँपिअर रजिस्टर घेऊन आले. तिकडे कुणी बघितलं नव्हतं, कारण तो स्टँड कधी ट्रिप झाला नव्हता. त्यांनी पानं उलटली. फवारा बसला त्या आठवड्यात शेवटच्या स्टँडचा काटा चढला होता. तिसऱ्याचा जागचा हललेला नव्हता. खाली आला होता तो भट्टी वाढवल्यावर. मिस्त्रींनी ते पान आबांसमोर धरलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"मग हा काटा माझ्याच भट्टीचा," आबा म्हणाले. "हा रोज पाळी सुटताना मला दाखवत जा. चढला तर मीच येऊन सांगंन, आज माल गार काढला म्हणून."

"दाखवतो," मिस्त्री म्हणाले. "आन् शेवटच्या स्टँडचा रोल बदलायचा असंल त्या दिवशी तू इकडं ये. रेघा मारताना दोघं असलेलं बरं."

त्या महिन्यात ताईंनी पाळीच्या रजिस्टरमध्ये दोन नवे रकाने आखून घेतले: एक तिसऱ्या स्टँडच्या अँपिअरचा, आणि दुसरा ठशांमधल्या अंतराचा.